सीडीवरचा पेढा

आमच्या घरातल्या मागच्या खोलीला नवरा ‘अडगळ’ म्हणतो आणि मी ‘लॅब’ म्हणते. यावरून दर रविवारी भांडण होतं, कारण दर रविवारी गल्लीत भंगारवाला येतो. ‘भंगाऽऽर’ अशी हाक आली की हे हातातला पेपर खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. मी म्हणते, ‘बघताय काय? आधी मला विका.’ मग ते पुन्हा पेपर उचलतात.

लॅबमध्ये तीन कॉम्प्युटर आहेत. पंचवटीत मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे, तेव्हाचे. पुढे पोरं हातात मोबाइल घेऊनच जन्माला यायला लागली आणि क्लास बंद पडला, पण हे तिघं मी घरी आणले. दर शनिवारी पुसते, चालू करते, थोडा वेळ चालवते आणि बंद करते. त्यातला थोरला मूळचा पांढरा, आता हळदीच्या दुधाच्या रंगाचा झालाय. त्याच्या आतला सेल गेलाय, त्यामुळे चालू केला की तो आजची तारीख विसरतो आणि दर वेळी आपल्या तरुणपणापासून सुरुवात करतो. करू दे की. सासूबाईंचंही तसंच आहे, त्यांना कोणी भंगारात द्या म्हणत नाही.

शेजारीपाजारी हसतात. हसोत बापडे. पण त्यांच्यातल्याच एकाच्या कमरेचा एमआरआय झाला, दवाखान्याने सीडी हातात ठेवली आणि घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी घालायची सोय निघेना, तेव्हा कुठे आले? माझ्याच दारात. एकदा दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार लग्नाची सीडी फडक्यात गुंडाळून घेऊन आला. ‘ताई, चालंल का ही? लय जुनी हाय.’ बायकोशी बोलणं बंद होतं म्हणे, आणि लग्नात आपण दोघं हसत होतो की नव्हतो, तेवढं त्याला बघायचं होतं. चालवली. बायको हसत होती, हा मान खाली घालून जेवत होता. पुढे द्राक्षांची पेटी घेऊन दोघं जोडीने आले, म्हणजे मिटलं असावं.

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. अख्खी नोकरी त्यांनी बस स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली. ‘दिंडोरी-वणीमार्गे सुरगाण्याला जाणारी गाडी...’ असं त्यांनी म्हटलं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा उठून बसायची. माइक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. त्यांचा एकच हट्ट होता. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. तिथे बसलेल्या म्हातारीची गाडी चुकली, तर चूक म्हातारीची नाही, पुकारणाऱ्याची.

त्याच आवाजात आमच्या घराण्यातल्या सगळ्या लग्नांत अण्णांनी मंगलाष्टकं म्हटली. स्वतः रचलेली, वधूवरांची नावं गुंफलेली. तारीख ठरवताना आधी अण्णांना सुट्टी आहे का ते विचारायचे, मग कार्यालय मिळतंय का ते बघायचे. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बसला नाही, गेलाच. त्यानंतर अण्णा कुठल्याही लग्नाला गेले नाहीत. लोक सवयीने म्हणायचे, ‘अण्णा, होऊन जाऊ द्या,’ आणि मग जीभ चावायचे. ते जीभ चावणं अण्णांना सहन होत नसे.

आता ते आमच्याकडेच असतात. बोलायचं असलं की पाटीवर लिहितात आणि आपल्याकडे कोणी बघत नसलं की स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. घरात सासूबाई आणि अण्णा असे दोन ज्येष्ठ. सासूबाई दिवसभर बोलतात, अण्णा लिहून उत्तर देतात आणि सासूबाई चष्मा लावत नाहीत. त्यामुळे प्रत्येक वाद त्याच जिंकतात.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला. पेढे वाटून होतायत तोवर अण्णांनी पाटी वर केली. ‘मी येत नाही.’ लेकीचा चेहरा एवढासा झाला. आजोबांच्या मंगलाष्टकांशिवाय आपलं लग्न असू शकतं, हेच तिला माहीत नव्हतं. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, ‘अण्णा, मंगलाष्टकं तुमच्याच आवाजात होणार. तुम्ही फक्त पुढच्या खुर्चीत बसायचं.’

एवढा ताठा कशाच्या जोरावर? तर माझ्या लग्नातली त्यांची मंगलाष्टकं मामाने टेपवर धरली होती. ती कॅसेट टेपरेकॉर्डरने कधीच चावून खाल्ली, पण त्याआधी, क्लासच्या काळात, मी ती थोरल्या कॉम्प्युटरवर उतरवून तिची सीडी केली होती. ती सीडी फक्त थोरलाच वाचतो. धाकटे दोघं तिला ओळखच देत नाहीत. लेक पुण्याहून फोनवर ओरडली, ‘आई, एकच कॉपी? आजच्या आज मला पाठव!’ मी म्हटलं, शुभ काम आहे, चार दिवसांवर दसरा आलाय, दसऱ्याच्या मुहूर्तावर करू. क्लासमध्ये पोरांना ‘आधी सेव्ह करा, मग देवाचं नाव घ्या’ असं शिकवणारी ती मीच बरं का!

दसरा उजाडला. सासूबाईंच्या राज्यात दसऱ्याला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कात्री, स्कूटर, मिक्सर, नवऱ्याचा ड्रिल आणि माझे तिन्ही कॉम्प्युटर. शिवाय पाटीपूजा. घरात पाटी एकच, अण्णांची. सासूबाईंनी सकाळीच तिच्यावर एक-एक आकडे मांडून सरस्वती काढली, फूल वाहिलं आणि पाटी पाटावर ठेवून बजावलं, ‘आज पुसायची नाही हं कोणी.’ म्हणजे दसऱ्याचा अख्खा दिवस अण्णांना बोलायची बंदी! अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, घ्या सांभाळून.

मी थोरला चालू केला, सीडीचा ट्रे बाहेर काढला, सीडी ठेवली आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात तेल तापल्याचा वास आला म्हणून पुऱ्यांकडे पळाले. मागून सासूबाई पूजेचं ताट घेऊन लॅबमध्ये शिरल्या. बघतात तर काय, कॉम्प्युटरने हात पुढे केलेला, आणि हातात चकचकीत तबकडी. त्यांना भरूनच आलं. त्यांनी सीडीला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूची पाकळी ठेवली आणि काठाशी एक पेढा ठेवला.

अण्णा दारातल्या खुर्चीवरून सगळं बघत होते. पाटीवर सरस्वती. त्यांनी पेला उचलला आणि जिवाच्या आकांताने चमचा वाजवायला सुरुवात केली. सासूबाई वळल्या, म्हणाल्या, ‘अहो देते, देते, पळून चाललाय का!’ आणि एक पेढा अण्णांच्या हातावर ठेवला. मग कॉम्प्युटरकडे वळून ‘घे हो, तूही घे,’ म्हणत त्यांनी ट्रे हलकेच आत ढकलला.

थोरल्याने नैवेद्य घेतला. आतून असा काही आवाज आला की मी झारा हातात घेऊनच धावले. अण्णा पेढा हातात धरून उभे होते. सासूबाई कृतार्थ होऊन म्हणाल्या, ‘बघ, खातोय!’

‘आई!’ मी एवढंच म्हटलं. पण ज्या आवाजात म्हटलं, त्याने खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

मग सगळी हकिगत बाहेर पडली. त्या सीडीत काय होतं ते कळलं तेव्हा सासूबाईंनी पूजेचं ताट खाली ठेवलं. त्यांना असं गप्प झालेलं मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं. मला राग आला होता, प्रचंड, पण ओरडायचं कोणावर? त्या माउलीने माझ्या कॉम्प्युटरला देव मानलं होतं. या घरात दुसऱ्या कोणी मानलंय?

कॉम्प्युटर बंद केला, स्क्रू काढले, ड्राइव्ह बाहेर घेतला. पेढा आतल्या पट्ट्यावर लिंपला गेला होता आणि मुंग्यांना निमंत्रण पोचलंसुद्धा होतं. कापसाच्या बोळ्याने, स्पिरिटने, लेकीच्या भुवयांच्या जुन्या चिमट्याने एकेक दाणा काढला. सीडी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून धुतली आणि मऊ कापडाने मधून काठाकडे सरळ पुसली. गोल गोल पुसायची नसते, चरे पडतात. सासूबाईंनी दुपारभर टॉर्च धरला. त्यांनी तो दुसऱ्या कोणाला धरू दिला नाही.

संध्याकाळी सगळं परत जोडलं आणि सीडी घातली. थोरला कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. आणि अण्णांचा आवाज आला.

सरळ सांगते, मी हमसून हमसून रडले. नवरा दारात उभा होता. अण्णा खुर्ची ओढून स्पीकरपाशी बसले. ऑपरेशननंतर स्वतःचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. एकेक मंगलाष्टक नीट आलं. शेवटचं मात्र सुरुवातीलाच तुटलं, नावं यायच्या आधीच. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे शेवट काठाला, आणि पेढाही काठालाच होता. तिथे अक्षतांनी चांगला ओरखडा काढला होता. पुष्कळ डोकं आपटलं, पण तो तुकडा काही हाती लागला नाही. नवरा म्हणाला, ‘बरंच झालं. त्यात आपली नावं होती, नाहीतर माझं तुझ्याशी परत लग्न लागलं असतं.’ तोवर अण्णांनी सासूबाईंकडे बोट दाखवलं, मग पाटीकडे. सासूबाई मुकाट्याने उठल्या, सरस्वतीला नमस्कार केला आणि स्वतःच्या पदराने पाटी पुसून त्यांच्या हातात दिली. अण्णांनी लिहिलं, ‘खरखर फार आहे.’ पुसलं आणि पुन्हा लिहिलं, ‘येतो.’

त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट होती, जी मला पहिल्यापासून माहीत होती. दुसरं मंगलाष्टक संपतं आणि तिसरं सुरू होतं, त्यांच्या मध्ये एका बाईचा आवाज येतो, अगदी स्पष्ट. ‘मुलगी बरी आहे, पण तोंडाळ दिसते.’ त्याच रात्री कॉपी करून लेकीला पाठवली, तर ती म्हणाली, ‘आई, एवढं कापून टाकू?’ मी म्हटलं, ‘खबरदार! तो पुरावा आहे.’

लग्नाच्या दिवशी ठरलं असं होतं की रेकॉर्डिंग संपेल तिथून गुरुजींनी शेवटचं मंगलाष्टक म्हणायचं. अण्णा नवं धोतर नेसून पुढच्या खुर्चीत बसले, मांडीवर पाटी. शेजारी सासूबाई, त्यांच्या शेजारी मी. अंतरपाट धरला गेला आणि कार्यालयाच्या स्पीकरमधून अण्णा गायला लागले. ओळखीची माणसं चपापली. एक म्हातारे काका उठून उभेच राहिले. पहिलं झालं, दुसरं झालं, आणि मग सगळ्या कार्यालयाने ऐकलं, ‘मुलगी बरी आहे, पण तोंडाळ दिसते.’

हशा पिकला. सासूबाईंनी आपला आवाज ओळखला. माझ्याकडे वळल्या आणि जराही न गडबडता म्हणाल्या, ‘मग? काय खोटं बोलले मी?’

आणि मग तो काठ आला. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं, एक ओळ आली, आणि आवाज तुटला. गुरुजींनी म्हणायचं होतं, पण गुरुजी डोळे मिटून ऐकण्यात असे रंगले होते की त्यांना भानच नव्हतं. अंतरपाट तसाच. मुठीत अक्षता धरून सगळे थांबलेले. अण्णांचे ओठ हलत होते. पुढची ओळ ते म्हणतच होते, फक्त ती कोणाला ऐकू येत नव्हती. त्यांच्याकडे बघवेना.

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. ‘म्हण की! तोंड कशाला दिलंय देवाने?’

मी उभी राहिले. मला गाता येत नाही, हे सगळ्या घराण्याला माहीत आहे. पण ते मंगलाष्टक लहानपणापासून कानावर पडलेलं होतं. आमच्या नावांच्या जागी मी लेकीचं आणि जावयाचं नाव घातलं आणि म्हणायला लागले. सूर कुठेच सापडेना, तेव्हा जो एक सूर मला बापाकडून मिळालाय तोच लावला, स्टँडवरचा. मी ‘शुभ मंगल सावधान’ म्हटलं की सुरगाण्याची गाडी पुकारली, हे माझं मलाच कळेना. पहिल्या अक्षता अण्णांनी टाकल्या. मग सगळ्यांनी.

जेवणाच्या वेळी अण्णांनी मला चमचा वाजवून बोलावलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘सूर नव्हता.’ मी म्हटलं, ‘माहितीये, अण्णा. जेवा आता.’ त्यांनी अंगठ्याने ते पुसलं आणि सावकाश दुसरं लिहिलं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

‘काय लिहिलंय गं?’ सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, ‘तुम्हीच वाचा.’ तेव्हा त्यांनी पिशवीत हात घालून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, पाटी स्वतःकडे वळवून घेतली आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, ‘शेवटच्या बाकापर्यंत पोचला.’ मग अण्णांकडे बघून त्या म्हणाल्या, ‘पोचला हो. मी सांगते ना, पोचला.’