श्रीपतीची आंधळी कोशिंबीर

पालीच्या नाक्यावर माझं स्पेअर पार्टचं दुकान, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये श्रीपती वायरमन. गाडीची वायरिंग करावी ती त्यानेच. गिऱ्हाइकाशी बोलावं ते मात्र दुसऱ्या कुणीतरी, असं मी त्याला तोंडावर सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी नाक्यावरच्या रघूच्या जीपचा फ्यूज सारखा जळत होता. रघूला घाई होती, म्हणून श्रीपतीने फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. तेव्हा सगळेच तसं करायचे. संध्याकाळी जीप पेटली. बॅटरीची वायर ओढून काढताना रघूची बोटं भाजली, ती कायमची वाकडी झाली.

तेव्हापासून बॅटरीजवळ फ्यूज आणि दोन सीटांच्या मध्ये सगळा करंट तोडणारा कटऑफ स्विच बसवल्याशिवाय श्रीपती गाडी सोडत नाही. वर आणखी एक छळ. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाने डोळे मिटून स्विच शोधायचा आणि बंद करून दाखवायचा. नाक्यावर आम्ही याला श्रीपतीची आंधळी कोशिंबीर म्हणतो. रघू रोज त्याच्या बाकावर चहाला बसतो, आणि श्रीपती रोज चोरून त्याच्या बोटांकडे बघतो. मला ते बघवत नाही.

यंदा एप्रिलात पावस गावचा आंबा बागायतदार उन्मेष जुनी जीप नटवायला घेऊन आला. मोठे टायर, टपावर सहा दिवे. काम झाल्यावर श्रीपतीने तो आणि त्याची बायको लीला, दोघांनाही डोळे मिटायला लावले. उन्मेषने एका डोळ्याने बघत उरकलं. लीलाने बिचारीने तीनदा केलं.

आठवड्यात दिव्यांचा फ्यूज दोनदा उडाला. उन्मेषचा श्रीपतीला फोन आला, "काका, फ्यूज काढून डायरेक्ट करून द्या. आंब्याचे दिवस आहेत."

"गाडी आण. वायर खंयतरी घासत्येय. फ्यूज उगाच नाय जळत."

उन्मेषला कुठला धीर! त्याने घरीच फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळली.

दोन दिवसांनी दोघं आंब्याच्या पेट्या घेऊन जाताना डॅशबोर्डखालून धूर आला. चावी काढली तरी थांबेना, कारण दिव्यांची लाइन थेट बॅटरीवरून होती. उन्मेष बोनेट उघडायला धावला. आत धुराने लीलाला काही दिसत नव्हतं, पण हात बरोबर स्विचवर गेला. तिने तो फिरवला, आणि उन्मेषच्या हाताला बॅटरी लागायच्या आत धूर विरायला लागला.

दुसऱ्या दिवशी जीप ओढून आणली. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून मी दुकानातून बाहेर आलो. श्रीपतीने जळकी तार बघितली, आणि आधी लीलाचे, मग उन्मेषचे हात उलटसुलट करून बघितले.

"भाजलं नाय ना?"

"नाही काका," लीला म्हणाली.

तो बाकावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. रघूने चहा खाली ठेवला, वाकडी बोटं त्याच्या खांद्यावर ठेवली.

"झाला ना आता? माझे हात बघायचा सोड, मेल्या."

श्रीपतीने डोळे पुसले आणि उन्मेषवर खेकसला, "बस गाडीत. मीट डोळे. दोन्ही!"