पंच्याण्णव मिनिटांची चिठ्ठी

बसडेपोत त्या ड्रायव्हरला सगळे 'सावकाश' म्हणत. म्हाताऱ्या प्रवाशांना तो देव वाटे, घाईवाल्यांना वैरी. त्याच्या मार्गाचा शेवटचा थांबा नेमका घरासमोर होता. दुपारी एकच्या फेरीनंतर पंधरा मिनिटांची सुट्टी मिळे, त्यात तो अंथरुणाला खिळलेल्या ताईला भरवायचा. तिला भरवणारं दुसरं कुणीच नव्हतं.

आणि नव्या साहेबांनी फर्मान काढलं: ज्याच्या अकरा दिवसांच्या उशिराची सरासरी दहा मिनिटांहून जास्त, त्याचा मार्ग बदलणार. सावकाशची सरासरी निघाली तेरा! एके दिवशी पुलावर ट्रक आडवा झाला होता, त्यात पंच्याण्णव मिनिटं गेली.

"कारणं नकोत, आकडे दाखवा," साहेब म्हणाले. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं.

तो नोंदणीच्या बाईंकडे गेला. उशिराच्या चिठ्ठ्या त्या तारखेनं खिळ्याला टोचून ठेवत. तीस वर्षांत त्या क्रमाला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. त्याच बाईंनी अकराच्या अकरा चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या.

"सहावी ती मधली. तिच्या अलीकडे पाच, पलीकडे पाच. त्या पाच-पाचांतलीही मधली काढ. चार हिस्से पडतील."

त्यानं तिसरी उचलली. पंच्याण्णव! त्याला दरदरून घाम फुटला.

"अरे शहाण्या, तारखेनं काय मोजतोस? आधी लहानापासून मोठ्यापर्यंत लाव!"

त्यानं लावल्या. दोन, तीन, तीन, चार, चार, पाच, सहा, सहा, सात, आठ, पंच्याण्णव. मधली पाचाची. अलीकडच्या पाचांतली मधली तीन, पलीकडच्यांतली सात.

"यांना चतुर्थक म्हणतात. तुझे मधले निम्मे दिवस तीन ते सात मिनिटांत बसतात. शेवटची चिठ्ठी नऊशेची असती, तरी हा सात जागचा हलला नसता."

"मग ती फाडून टाकू?"

"खबरदार! खरी आहे ती. पण तिच्या एकटीच्या सांगण्यावरून तुझी पारख नको."

बाई स्वतः चिठ्ठ्या घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दोनदा मोजलं, डोकं खाजवलं आणि मार्ग आहे तोच ठेवला. सावकाशचा जीव भांड्यात पडला.

घरी ताईनं सगळं ऐकून घेतलं. "त्या बाई दुपारी कुणाबरोबर जेवतात रे?"

"एकट्याच. टेबलाशी."

"मग घेऊन ये की."

दुसऱ्या दिवशी एकच्या बसमध्ये बाई डबा घेऊन बसल्या. ताईनं पहिला घास त्यांच्याच हातून घेतला. गेली चार वर्षं तिला भावाशिवाय कुणी भरवलं नव्हतं. सावकाशला आभार मानायचे होते. उपकार म्हणावं तर शब्द थिटा. सुट्टी संपली तरी तो दारातच उभा होता.

"निघ आता," बाई त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या. "उगाच चिठ्ठी लिहायला लावू नकोस. आणि माझ्यासाठी थांबू नकोस, मी पुढच्या बसनं येते. आमचं जेवण व्हायचंय अजून."