वैशालीचा उजवा खांदा

नितीनचा, म्हणजे वैशालीच्या नवऱ्याचा, सकाळी फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या स्टुडिओत एडिटिंगला बसले होते. तो एवढंच म्हणाला, "गेली गं." मी फोन ठेवला, काम सेव्ह केलं आणि तिच्या घरी निघाले.

आमची ओळख मुलुंडच्या जिममधली. ती तिथे पर्सनल ट्रेनर होती. माझी मान आणि पाठ इतकी दुखायची की एडिटिंग सोडावं लागेल असं वाटत होतं. पहिल्या दिवशी तिने वजनांना हात लावू दिला नाही. अनवाणी चालायला लावलं, बाजूने फोटो काढला आणि मलाच दाखवला. डोकं खांद्यांच्या पुढे, पाठीला बाक. शाळेत सगळ्यांपेक्षा उंच होते, म्हणून वाकून चालायची सवय लागली, असं मी सांगितलं आणि लगेच छाती फुगवून उभी राहिले. त्यालाही ती नाही म्हणाली. असं ताणून उभं राहणं टिकत नाही, पाठीत ताकद आली की शरीर आपसूक सरळ होतं, हे तिचं म्हणणं. रबरी पट्टा ओढण्यात काही महिने गेले. मग एकदा आईने विचारलं, तू उंच झालीस का.

पुढे वैशालीचंच स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. उजवा हात वर जाईना. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली त्याच दिवशी तिने मला घरी बोलावलं आणि हातात मोबाइल दिला.

"काढ फोटो. आणि खोटं बोलू नकोस यार. खांदा पुढे आलाय ना?"

"आलाय."

"बरं. मग लागू या कामाला."

हात वर नेताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती ते पुसायची आणि परत हात वर न्यायची. गणपतीच्या आधी तिने माळ्यावरची मखराची पेटी स्वतः खाली काढली. मग तेच ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी तिने घरच्या हॉलमध्ये शनिवारची बॅच सुरू केली.

आजार परत आला, तो हाडांत. आधी ती खुर्चीवर बसून शिकवायची, नंतर आतल्या खोलीत पडून. श्वास रोखू नका, असा तिचा आवाज बाहेर यायचा. आपल्या जागी तिने एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण तयार करून ठेवली होती. मला म्हणाली, "ती शिकवेल. तू कोण वाकतंय ते बघ. बॅच बंद करायची नाही हां."

दिवसकार्य उरकल्यानंतरच्या शनिवारी मी लवकर पोचले. नितीनने हॉल झाडून सोफा भिंतीला सरकवला होता. बायका आल्या. बॅच पूर्ण झाली. सगळ्या गेल्यावर मी सोफा जागेवर ओढायला लागले, तर नितीन म्हणाला, "राहू दे. आता तो तिथेच."