नवनीतने कापलेली सळई

कळसाडीच्या नवनीतला स्वस्थ बसलेलं काहीही बघवत नसे. बैल बसला की ढोसायचा, म्हातारा बाप टेकला की पुढ्यात शेंगांचं टोपलं. स्वतः मात्र दिवसभर पारावर. असल्या शहाण्याशी रुपाने संसार कसा रेटला, तिचं तिलाच ठाऊक.

बशीर मिस्त्रीने त्याला कापसासाठी शेड बांधून दिली. बाजूच्या खांबांमध्ये दोन बारीक लोखंडी सळया, फुलीसारख्या तिरप्या. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला, तर एक सळई ताठ आणि दुसरी झोल खाऊन लोंबतेय. झालं, नवनीतचं टाळकं फिरलं.

"ही फुकटनी लटकी ऱ्हायनी," म्हणाला आणि कटर आणून लोंबती सळई कापून टाकली. तिची फाटकाला कडी केली, आणि ही अक्कल येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसला.

रुपाला चैन पडेना. शहाद्याच्या बाजारात बशीर दिसला तेव्हा तिने विचारलंच. त्याने कपाळावर हात मारला. "भाभी, सळई दोरीसारखी. ओढून धरते, रेटा सोसत नाही. म्हणून दोन लागतात. वारा इकडून आला की एक ओढते, तिकडून आला की दुसरी."

मग नवी बसवून दे म्हटलं, तर या मिस्त्रीसाहेबांचीही ऐट बघा: ज्याने कापली त्याने येऊन सांगावं म्हणे.

घरी सांगितलं तर नवनीत हसला. "तू इंजिनेर व्हई गयी का?"

शेडमध्ये सासरे, नथ्थूआबा, कापूस राखत खाटेवर पडलेले असायचे. रुपाने गुमान ती खाट आबांसकट घराच्या ओट्यावर हलवली. नवऱ्याचे टोमणे रोज ऐकले, पण खाट परत नेऊ दिली नाही.

फाल्गुनात दक्षिणेकडून वादळ आलं. त्या बाजूने ओढून धरणारी सळई तर फाटकाला. शेड बघता बघता कलंडली आणि आबा पडायचे नेमक्या त्याच जागी पत्रे कोसळले.

गाव जमलं. नवनीत छाती पुढे काढून सांगू लागला, "माले पहिलेच समजी गयं व्हतं. आबाले मीच बाहेर काढं." लाज म्हणून नाही मेल्याला. रुपा पत्र्याखालचा कापूस ओढत होती.

आबा ओट्यावरून उतरले. "सळई तू कापी. खाट सूननी उचली. आते काय करानं ते तिले ईचार."

सगळ्यांदेखत नवनीतला बायकोकडे वळावं लागलं.

"पत्रा धरा," ती म्हणाली.

त्याने धरला.