वातीचा कापूस आणि माह्या हाताचा विटाळ

"कोणाच्या वावरातला?"

पाटलीणबाईनं इचारलं. तिच्याच ओसरीत, गावातल्या तीस-चाळीस बायांसमोर. मी उभी होती. चौदा वर्षाची.

मी एवढंच म्हटलं होतं, "कापूस घेतो, ताई. फडक्यात गुंडाळून. वेचता वेचता."

पाळीत काय वापरता, असं इचारलं होतं ताईनं. ताई म्हणजे यवतमाळहून येणारी संस्थेची बाई. दर गुरुवारी जीपमधून येत होती. माय आणि लेक दोघींनी जोडीनं बसायचं, पाळीबद्दल, आंगाबद्दल, दुखण्याबद्दल मोकळं बोलायचं, घरात जे बोलता येत नाही ते इथं बोलायचं, असा तो कार्यक्रम. "इथं जे बोलाल ते इथंच राहील," असं ती तीन गुरुवार सांगत होती. चौथ्या गुरुवारी मी इश्वास ठेवला. गधीच मी.

कळंबच्या बाजूचं आमचं गाव. बसायले मोठी जागा पाटलाच्याच घरी, म्हणून बैठक तिथं. त्यांच्या बाया सतरंजीवर. आमी बौद्धपुऱ्यातल्या बाया खालच्या पायरीजवळ, बारदान्यावर. ताईले ते दिसत होतं. तिनं कधी म्हटलं नाही का सगळ्या वर या.

ती सालं कापसाची लय खराब. अळी पडली, भाव पडला, मजुरी कमी, घरात नवीन लुगडं आलं नाही. जुनं लुगडं फाटलं तर त्याची फडकी होतात, हे बाईले मालूम असते. आमच्या घरी लुगडंच एवढं उसवलेलं का फडक्याले काही उरत नव्हतं. माय आणि मी, दोघीत तीन फडकी. दोघीची पाळी एकाच वख्ताले आली का मी दोन-चार बोंडं फोडून कापूस घेत होती. पऱ्हाटीच्या मधात बसून. त्या कापसावर फवारणी झालेली असे. त्यानं मले फोडं आले. चालताना आग व्हायची, मुतताना डोळ्यातून पाणी यायचं. दोन महिने झालते. मले ताईले इचारायचं होतं का हे कशानं होते आणि कशानं जाते. बस एवढंच. तिथवर पोचायच्या आधीच पाटलीणबाई उठली.

"कोणाच्या वावरातला, म्हणतो मी? माह्याच ना? माह्या वावरात येते ना तू वेचाले?"

"हो."

"अव माय! त्याच हातानं माहा कापूस वेचला? देवाच्या वाती करतो मी त्या कापसाच्या! सगळी गंजी बाटवली या पोट्टीनं. चोर ते चोर, वरून तोंड वर करून सांगते!"

बाया हासल्या. खोटं कायले बोलू, सगळ्या नाही हासल्या. आमच्या बारदान्यावरच्या बाया माना खाली घालून बसल्या. त्याइले काहून हासू येईन? त्या माह्याच सोबत वेचत होत्या.

ताईनं घड्याळ पाह्यलं. "बरं, आपण पुढं जाऊ," म्हणे. आणि तक्त्याचं पान उलटवलं. तिचं नाव मले अजून मालूम हाय. सांगत नाही. तिनं माहा इश्वास पानासारखा उलटवून टाकला.

माही माय उठली. पायरी चढून गेली आणि पाटलीणबाईच्या पायाशी वाकली. पाटलीणबाईनं पाय मांगं घेतले. "दुरून, दुरून. हात नोको लावू. आणि पोट्टीले सांग पाया पडाले. नाहीतर उद्यापासून माह्या वावराच्या धुऱ्यावर पाय ठेवू नोको."

माय वळली. "पड वं," म्हणे. "लेकरा, पड पाया."

मी नाही पडली.

"मी नाही पडत. हात बाटले म्हणता ना, मंग तुमीच वेचा तुमचा कापूस. वाती भी तुमीच वेचून करा."

फाडकन बसली कानशिलात. पाटलीणबाईची नाही. माह्या मायची. त्या आवाजानं पाटलीणबाईचा चेहरा असा खुलला का जशी पंगतीत जिलेबी वाढली. तो चेहरा मी इसरली नाही. इसरायचा भी नाही.

घरी येताना माय पुढं पुढं चालली. नाल्यापाशी आली आणि मटकन खाली बसली. मले वाटलं आता अजून मारते. पण ती म्हणे, "दुखते काय वं तुले?"

मी सगळं सांगतलं. फोडं, आग, सगळं. रडत नाही, रागानं सांगतलं, तिच्यावर ओरडत.

ती आयकत राह्यली. मंग म्हणे, "मले भी हाय. तू पोटात होती त्याच्या आधीपासून. मले वाटलं सगळ्या बायाइले असतेच."

चौदा-पंधरा वर्षं. एका खोलीत झोपत होतो आमी. एका ताटात जेवत होतो. ती तिचं दुखणं घेऊन वेचत होती, मी माहं घेऊन, दोन ओळींच्या अंतरावर. एकीनं दुसरीले इचारलं नाही. कोण शिकवते गरिबाच्या घरात इचारणं? तिथं तोंड उघडलं का थोबाडीत बसते, हे तर आताच पाह्यलं होतं.

"मारलं तुले," म्हणे. "ज्याले माराचं होतं त्याले सोडून तुले मारलं." आणि तिनं तोच हात दगडावर आपटला. एकदा नाही, चार-पाच डाव. बोटं फुटली.

दुसऱ्या दिवशी ती वेचाले गेली नाही. मले घेऊन एसटीनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेली. माहे फोडं औषधानं बरे झाले. तिले डॉक्टरीण बाई रागावल्या, "एवढे दिवस काय करत होती?" काय सांगन ती? कापूस वेचत होती. पुढच्या साली तिची गर्भाची पिशवी काढावी लागली. तिचं वय तवा पस्तीस भी नव्हतं.

कोणाले वाटन, मंग गावातल्या बाया एक झाल्या असतीन, पाटलीणबाईचा कापूस झाडावर सडला असन. काही नाही. तिले दुसऱ्या बाया भेटल्या. तिच्या वाती जळत राह्यल्या. आमीच दूरदूरच्या गावाले कामाले जात राह्यलो.

मी शिकली. कशी शिकली ते सांगत नाही, कोणी शाबासकी द्यावी म्हणून मी हे सांगून नाही राह्यली. आज मीच तसल्या बैठका घेतो. त्याच गावात. पण विहारात घेतो. सगळ्यासाठी एकच सतरंजी. माहा नियम हाय, पोट्टी एकटी येणार नाही. सोबत घरातलं एक मोठं माणूस पाहिजे. माय, मावशी, आजी, बाप भी चालते. बापाइले मी मुद्दाम बसवतो. माही माय दारापाशी बसते आणि कोणी बोलताना अडखळलं का म्हणते, "बोल बाई, बोल. इथं कोणी मारत नाही."

मांगच्या साली पाटलीणबाईचा निरोप आला. तिच्या नातीले पाळीत लय तरास होते, पोट्टी शाळेत जात नाही. "घरी येऊन सांगून जाय. मांगच्या दारानं ये."

मी गेली. पुढच्या दारानं गेली, ओसरीवर उभी राह्यली. म्हातारी झाली ती. डोळ्यानं कमी दिसते.

मी म्हटलं, "नातीले दवाखान्यात मी आजच नेतो. त्यात तिचा काय कसूर? पण बैठकीत बसवायचं असन तर विहारात आणा. सोबत तुमी या."

"मी? तिथं?"

"हो. सतरंजी मोठी हाय."

ती डोळे बारीक करून माह्याकडं पाहाले लागली. मंग म्हणे, "ते मांगचं अजून डोक्शात ठेवून हायस का तू?"

"ठेवून हाय. माह्या मायची पिशवी गेली, बाई. माहं डोक्सं नाही गेलं."

नातीले मी त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. बैठकीत म्हातारी आली नाही. मले मालूमच होतं, येत नाही. पण गुरुवारी पोट्टी आली. सोबत तिचा बाप. पाटलीणबाईचा पोटचा पोरगा. दारात चपला काढल्या आणि माह्या मायच्या बाजूले मांडी घालून बसला. मायनं जराक सरकून त्याले जागा देली. पोट्टीनं भरल्या बैठकीत इचारलं, "पाळीत माही आजी मले पाण्याच्या माठाले हात लावू देत नाही. ते बराबर हाय काय?"

"नाही," मी म्हटलं. "साफ खोटं हाय."

तिच्या बापानं मान खाली घातली. पोट्टीनं नाही घातली.

बाया मले म्हणतात, मोठ्या मनाची हायस, झालं गेलं माफ केलं. कायचं माफ? माफ करायले ती कधी माह्या दारात आली? मी सूड घेऊन राह्यली. सवड काढून, दर गुरुवारी. तिचं वावर मले नाही पाहिजे, तिची ओसरी नाही पाहिजे. मले तिच्या घरातली माणसं पाहिजे. पोरगा आला. नात आली. आता सून येईन, धाकटी नात येईन. एकेकाले मी बोलती करीन. तिच्या घरात तिचं आयकणारं एक माणूस ठेवणार नाही मी. तिची नात एक दिवस घरातल्या माठाले हात लावीन, तिच्या डोळ्यासमोर, पाळीच्या दिवशी. आणि म्हातारीले तहान लागन तवा तिले त्याच हातचं पाणी प्यावं लागन. तोवर मी हे गाव सोडत नाही.