रिकाम्या खुर्चीचा व्हिडिओ

कॅमेरा मी पक्ष्यांसाठी घेतला होता. हिवाळ्यात रविवारी पहाटे नाशिकहून निघायचं, निफाडच्या पुढे पाणथळीवर जाऊन बसायचं आणि लांब लेन्स लावून बदकं टिपायची, एवढाच माझा छंद. मिररलेस कॅमेरा हलका असतो, म्हणून खांदा दुखत नाही, हे घेण्यामागचं खरं कारण. त्याच्यावर व्हिडिओचं बटण आहे हे मला ठाऊक होतं, पण दोन वर्षं मी त्याला बोट लावलं नव्हतं. फोटो काढणाऱ्याला एक क्षण हवा असतो. तो मिळाला की माणूस पुढे जातो.

कॉलेजच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण एकदा डबा खाताना म्हणाली, "अगं, माझ्या वडिलांचा व्हिडिओ काढून देशील? बोलतानाचा. विसरायला लागलेत ते. अजून आवाज तरी त्यांचाच आहे."

तिचे वडील निफाड तालुक्यातल्या एका गावात राहत. आयुष्यभर ते पाटकरी होते. कालव्याचं गेट उघडायचं, बंद करायचं, शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांना पाणी वाटून द्यायचं. मी हो म्हणाले आणि घाबरले. आठवडाभर घरी सराव केला. शटर किती ठेवायचं, ट्यूबलाइटखाली चित्र का लुकलुकतं, अर्ध्या तासाने माझा हा कॅमेरा आपणहून रेकॉर्डिंग बंद करतो तेव्हा काय करायचं, सगळं शिकले. लांब लेन्स खोलीत निरुपयोगी, म्हणून पेटीतली छोटी लेन्स पहिल्यांदाच बाहेर काढली. तिने माणसाचा चेहरा स्वच्छ येतो आणि मागचं-पुढचं सगळं धूसर होतं. शिवाय कॅमेरा स्वतः डोळा शोधतो. पडद्यावर एक पांढरा चौकोन येऊन माणसाच्या डोळ्यावर बसतो आणि माणूस हलला तरी त्याला सोडत नाही. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

पहिल्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही पोहोचलो. मागच्या खोलीत पूर्वेची खिडकी होती. ट्यूब बंद केली, काकांना खिडकीजवळ खुर्ची दिली आणि शर्टाला छोटा माइक लावला. शेजारच्या द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर घुमत होता, तो लांब जाईपर्यंत थांबलो. मैत्रीण माझ्या मागे उभी. काकू स्वयंपाकघराच्या दारात.

काका छान बोलले. गेटचं चाक किती जड असायचं, रात्रपाळीला कोल्हे कसे काठाकाठाने सोबत यायचे, पाण्यावरून कोणी कोणाचं डोकं फोडलं. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या हाताला भिंत होती, तिच्याकडे बघून बोलत होते.

"काका, इकडे बघा ना. माझ्याकडे."

त्यांनी एकदा बघितलं, मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडे वळले. थोड्या वेळाने मुलीला म्हणाले, "अगं, त्या बाई उभ्याच हायेत कवाच्या. त्यांना खुर्ची दे."

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत 'बघितलंस ना' असं होतं, आणि पाणीही होतं. "त्यांना वाटतं तू उभी आहेस," ती हळूच म्हणाली. मी स्टुलावर बसले होते. पण मीही म्हटलं, "हो, आणा खुर्ची." आजारी माणसाशी वाद कशाला? प्लास्टिकची एक लाल खुर्ची आली. मी ती माझ्याजवळ ठेवायला सांगणार, तोच काका म्हणाले, "तिथं नाय. भिंतीशी." ती भिंतीशी ठेवल्यावर ते शांत झाले.

मग मी विचार केला, ते तिकडेच बघणार असतील तर कॅमेराच हलवावा. तो बाजूला नेला, म्हणजे उजवीकडे काका आणि डावीकडे, थोडी पुढे, ती खुर्ची, असं दोन्ही चौकटीत आलं. बटण दाबलं. चौकोन काकांच्या डोळ्यावर बसला. आणि दोनेक मिनिटांनी तो तिथून उठला.

तो खुर्चीवर गेला. खुर्चीच्या पाठीवर नव्हे, तिच्या वर. बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल तिथे तो पांढरा चौकोन थांबला. लेन्सनेही फोकस तिकडे नेला. लाल प्लास्टिकवरचे ओरखडे एकदम स्पष्ट दिसायला लागले आणि काका धूसर झाले.

मी घाबरले असं म्हणणार नाही. कॅमेरे फसतात. माझ्याच कॅमेऱ्याने एकदा खताच्या गोणीवर चेहरा शोधला होता. मागे कॅलेंडर असेल, भिंतीवर डाग असेल म्हणून मी मान वर करून बघितलं. भिंत निळ्या चुन्याची, मोकळी. खिळासुद्धा नव्हता. मी फोकस हाताने काकांवर आणला आणि बोट काढलं, तर चौकोन पुन्हा खुर्चीकडे गेला. तिसऱ्यांदा मी त्याला परत आणायचं सोडून दिलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कोणी बोलत असताना मध्ये हात घालू नये, तसं वाटलं.

काका आता गोष्टी सांगत नव्हते. उत्तरं देत होते. एक वाक्य बोलायचे, थांबायचे, ऐकायचे, मान हलवायचे, पुढचं बोलायचे. शेवटी त्यांची नजर खुर्चीवरून हळूहळू वर गेली, उभ्या राहिलेल्या माणसाकडे जावी तशी, आणि मग दाराकडे वळली. "बरं बाई," ते म्हणाले. चौकोन खुर्ची सोडून त्यांच्या डोळ्यावर परत येऊन बसला होता.

मी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात काकू खाली बसल्या होत्या, भिंतीला पाठ लावून. हातातलं ताट जमिनीवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी कानाला हेडफोन लावून मी ते ऐकलं. तिथे असताना माझं लक्ष चौकोनात होतं, शब्द कानावरून गेले होते. आता ते एकेक ऐकू आले.

"नाय बाई, मीच होतो गेटवर."

मग शांतता. लांबवर ट्रॅक्टर.

"साडेसहा. उजाडलं होतं."

शांतता.

"हो. ऐकली."

"दोनदा."

मग बराच वेळ काही नाही. चित्रात फक्त स्पष्ट लाल खुर्ची, तिच्यामागे माणसाच्या आकाराचा एक धूसर डाग, आणि त्या डागातून येणारा आवाज. "वाटलं, उसात कोणी कोणाला बोलावतंय." पुन्हा शांतता. "नाय आलो. काठानं चालत येऊन बघायला पायजे होतं. नाय आलो."

मी मैत्रिणीला फोन केला. तिला काहीच माहीत नव्हतं. माहीत होतं काकूंना, आणि त्यांनी ते पुढच्या रविवारी आम्हा दोघींना सांगितलं, काका बाहेर ओट्यावर उन्हात बसलेले असताना.

मैत्रीण पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. कालवा महिनाभर कोरडा होता. विंचूरच्या बाजूच्या एका गावातला तरुण माणूस सकाळी शेळीचं पिल्लू शोधत कालव्यात उतरला आणि त्याच वेळी पाणी सुटलं, त्यात तो गेला. पाणी सोडण्याआधी पाटकऱ्याने काठाने चालत हाका मारत जायचं असतं. काकांनी घरी सांगितलं की त्या दिवशी त्यांनी पाळी बदलून घेतली होती, गेटवर दुसराच माणूस होता. तो दुसरा माणूस वर्षभरात वारला. त्या तरुणाचा पाय घसरला असं सगळे धरून चालले. पंधरा दिवसांनी त्याची बायको या घरी आली होती.

"ह्याच खोलीत," काकू म्हणाल्या. "त्या भिंतीशी उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाय. ह्यांना विचारलं, गेटवर कोण होतं. हे म्हणाले, मी नव्हतो. ती निघून गेली. चहा टाकला होता, तो पण घेतला नाय. मी त्या बाईला वेडी समजले, सांगते तुला. इतकी वर्षं."

मैत्रीण म्हणाली, "आई, बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. काहीही बोलतात. पुसून टाक ते." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

"पुसायचं नाय," काकू म्हणाल्या. "ती जिती हाय. मी तिला बाजारात बघते. ती माझ्याकडं बघत नाय."

त्या दिवशी मायलेकींचं फार भांडण झालं. मी बाहेर ओट्यावर काकांजवळ जाऊन बसले. ते मला म्हणाले, "आज नाय आल्या त्या." मी विचारलं, "कोण?" ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "पाणी कमी हाय यंदा."

पुढच्या आठवड्यात काकू आणि मी दोघीच विंचूरकडच्या त्या गावी गेलो. मैत्रीण आली नाही. मी लॅपटॉप घेतला होता. खरं तर मला जायचं नव्हतं. मी बदकांचे फोटो काढणारी बाई, या लोकांच्या मधे माझं काय काम? पण ते व्हिडिओ चालवून दाखवायला कोणीतरी हवं होतं.

त्या तरुणाच्या बायकोला मी मावशी म्हटलं. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. पासष्टी ओलांडलेल्या, सडपातळ, पाठ ताठ. काकूंना बघून सूप खाली ठेवलं. काकूच बोलल्या, उभ्या उभ्याच. "आमच्या मालकांनी खोटं सांगितलं व्हतं तुम्हाला. आता खरं बोललेत. माफी मागायला तोंड नाय मला. ह्या पोरीकडं हाय ते, ऐकायचं आसंल तर ऐका."

मावशींनी आम्हाला आत घेतलं. मी चौरंगावर लॅपटॉप ठेवला आणि व्हिडिओ सुरू केला. लाल खुर्ची स्पष्ट झाली, काका धूसर झाले. मी सांगणार होते की फोकस चुकलाय, माफ करा. तेवढ्यात मावशी बोलल्या. आमच्याशी नव्हे, पडद्याशी. अगदी साध्या आवाजात.

"गेटवर कोण होतं?"

"नाय बाई, मीच होतो गेटवर," व्हिडिओतून काका म्हणाले.

"किती वाजले होते?"

"साडेसहा. उजाडलं होतं."

मी काकूंचा हात धरला की त्यांनी माझा, आठवत नाही.

"त्याची हाक ऐकली होती का?"

"हो. ऐकली."

"कितीदा?"

"दोनदा."

"मंग?"

इथे ती लांब शांतता होती. मावशींनी घाई केली नाही. ती किती लांब आहे हे त्यांना माहीत असल्यासारख्या त्या बसून राहिल्या.

"वाटलं, उसात कोणी कोणाला बोलावतंय."

"बघायला नाय आला?"

"नाय आलो. काठानं चालत येऊन बघायला पायजे होतं. नाय आलो."

त्यानंतरही व्हिडिओत एक थांबा होता, ज्याच्या शेवटी काका पुन्हा स्पष्ट होतात आणि त्यांची नजर वर जाते. तिथे मावशी गप्प राहिल्या. काकांची नजर वर गेली, दाराकडे गेली. "बरं बाई," ते म्हणाले. मी लॅपटॉप बंद केला.

शेवटी मीच विचारलं. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "मावशी, शेवटी तिथे... तिथे काही विचारायचं नव्हतं?"

"तिथं मी विचारत नाय," त्या म्हणाल्या. "तिथं मी उठून जाते."

"म्हणजे?"

"रोज विचारते की त्या पाटकऱ्याला. चाळीस वर्षं झाली. सकाळी दूध तापायला ठेवलं की सुरू. दूध वर आलं की उठते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पहिल्यांदा शिव्या द्यायची. मंग नुसतं विचारायची. तो काय बोलत नसायचा. ह्या संक्रांतीच्या आधी बोलला."

आमचं शूटिंग संक्रांतीच्या आधीच्या रविवारी झालं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. माझ्याच चेहऱ्यावर असणार.

निघताना काकूंनी त्यांच्या पायांना हात लावला. मावशींनी पाय मागे घेतले, पण मग काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवतो का नीट?" त्यांनी विचारलं.

"भरवावं लागतं."

"भरवा," त्या म्हणाल्या. "आता काय."

पुढे मी दोनदा त्या घरी शूटिंगला गेले, कारण कबूल केलं होतं. काकांनी खुर्ची मागितली नाही. भिंतीकडेही बघितलं नाही. माझ्याकडे बघून बोलायचे, कोल्ह्यांचंच पुन्हा पुन्हा, आणि चौकोन त्यांच्या डोळ्यावरून हलला नाही. खुर्ची भिंतीशी ठेवून मी मुद्दाम तीच चौकट लावली, तोच प्रकाश, तीच लेन्स. कॅमेरा तिकडे ढुंकून बघेना. अशा वेळी सुटल्यासारखं वाटायला हवं. मला उलट एकटं वाटलं, ते का, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मैत्रीण महिना-दीड महिना माझ्याशी कामापुरतंच बोलली. डबा घेऊन खालच्या मजल्यावर जायची. मी तिला दोष देत नाही. तिने वडिलांचा आवाज जपून ठेवायला सांगितलं होतं आणि मी तिला हे आणून दिलं. मग एका दुपारी ती आपणहून डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. भाकरी मोडली आणि मोडलेली तशीच ठेवली.

"मला त्याची एक प्रत दे," ती म्हणाली. "पण आवाज काढून."

मी तिला आवाज काढलेली प्रत दिली. ती कधी कधी फोनवर लावते, मी शेजारून बघते. तिचे वडील खिडकीजवळ बसलेत. धूसर चेहरा हलतो, मग थांबतो, मग ते ऐकतात. ती त्यांच्या ऐकण्याकडे बघत राहते, आणि घास तसाच तिच्या हातात असतो.