दोन घराण्यांच्या मधली खुर्ची

दुभाषीबाईला नावानं हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. पाववाला, इमारतीचा रखवालदार, बँकेतली कारकून, सगळे तिला दुभाषीबाईच म्हणत. धाकटी बहीण ताई म्हणायची, पण रागावली की तीही सुरू व्हायची, "दुभाषीबाई, कधीतरी स्वतःच्या मनचं बोला की!"

मनचं बोलायची सवयच मोडली होती. उभं आयुष्य दोन माणसांच्या मधोमध, त्यांच्या खुर्च्यांच्या हातभर मागं बसण्यात गेलेलं. बहिणीकडं जेवायला गेली तरी ती खुर्ची टेबलापासून मागं ओढून बहीण आणि मेहुणा यांच्या मध्ये बसायची. मेहुणा म्हणायचा, "ताई, पुढं सरका हो. आमची भांडणं आम्हाला दुभाष्याशिवाय कळतात." सगळे हसायचे, तीही हसायची, पुढं सरकायची, आणि वाढून होईपर्यंत खुर्ची कधी मागं गेली ते तिचं तिलाही कळायचं नाही.

धंद्याच्या रीती अंगात भिनल्या होत्या. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं, 'साहेब असं म्हणतात' वगैरे लांबण लावायची नाही. जेवणाचं टेबल असलं तरी आपल्यापुढं ताट घ्यायचं नाही, कारण तोंडात घास असला की वाक्य निसटतं. फोटो निघताना खाली वाकायचं. टिपणाचे कागद उठायच्या आधी तिथंच फाडायचे. आणि कानावर पडलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. मोठ्या घरांत तिला बोलावणं यायचं ते याच एका गोष्टीसाठी. एखाद्या घरात चांगलं कुलूप ठेवतात तशी तिला ठेवत.

तिची ती परदेशी भाषाही कुठल्या शाळेतली नव्हती. जुन्या बंदरवस्तीत त्यांच्या खोलीच्या वर एक परदेशी म्हातारी राहायची. खलाशाशी लग्न करून आली, खलाशी समुद्रात गेला तो गेलाच, आणि ही इथंच राहिली. आई कामावर जाताना थोरल्या पोरीला जिन्यावरून वर ढकलून द्यायची. पोरगी दारात दिसली की म्हातारी पहिली एकच गोष्ट विचारायची, जेवलीस का पोरी? उत्तर काहीही येवो, ती भाकरी तोडून गरम सारात बुडवायची आणि पुढं करायची. त्या भाषेतलं बाईला आलेलं पहिलं वाक्य ते. नदी, घोडा, आभाळ हे सगळं नंतर आलं.

म्हातारी गेली आणि शहरात ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. बाईनं पुढं परीक्षा दिल्या, कागद मिळवले, पोटापाण्याला लागली. पण एक गंमत झाली. रोज त्या भाषेत बोलायचं, रोज ऐकायचं, आणि त्यातलं एकही वाक्य तिच्यासाठी नसायचं. टपालवाला गावभर पत्रं वाटतो आणि घरी गेला की त्याच्या दाराच्या फटीत काही नसतं, तसं.

थोरल्या साहेबांच्या घरी ती जायला लागली तेव्हा ते मंत्री होते. त्यांच्या वडिलांचा पुतळा चौकात उभा होता आणि धाकटे साहेब बापाच्या बाजूच्या खुर्चीत बसायला शिकत होते. त्या घरात खुर्ची बापाकडून लेकाकडं अशी जायची की मध्ये कुणाचा वाराही लागायचा नाही. आणि पलीकडून यायचं ते परदेशी घराणं. लोक त्यांना जहाजवाले म्हणत. जहाजांत वर धान्य आणि खाली हत्यारं असतात, असं त्यांच्या देशातली वर्तमानपत्रंच लिहीत. घरचा कारभार लेकांच्या हातात आहे असं दिसे, पण लेक बोलायच्या आधी आजीकडं बघत. आजी म्हणजे अंगानं मूठभर, कानानं तिखट, आणि व्यवहारात दगड.

त्या दुपारी जेवणाला मोजकीच माणसं होती. आजी, तिचा एक लेक, थोरले साहेब, फळं सोलत बसलेले धाकटे साहेब, आणि मध्ये हातभर मागं बाई. नातवंडांचं झालं, हवापाण्याचं झालं. मग आजीनं काटा खाली ठेवला. जुनी बंदरवस्ती तिला रिकामी हवी होती, नव्या गोदीसाठी. निविदा काय निघायच्या त्या नंतर निघू देत. बदल्यात कंपनीतला चौथा हिस्सा साहेबांच्या सुनेच्या नावे.

थोरले साहेब म्हणाले, "वस्तीचं माझ्यावर सोडा. वर्षाच्या आत मी ती रिकामी करून देतो."

बाईनं त्या भाषेत सांगितलं, मी ती रिकामी करून देतो. शब्द तोंडातून गेले, आणि मग तिला कळलं की आपण आपली गल्ली देऊन टाकली. तो जिना, वरची खोली, खाली आईची चूल. पण तोवर पुढचं वाक्य आलं होतं, ते धरणं भाग होतं.

व्यवहार मिटला. आजीनं ओठ टिपले, अंग मागं टाकलं आणि मान वळवली. साहेबांकडं नव्हे, बाईकडं. बाईच्या पुढ्यातल्या ताट नसलेल्या जागेकडं तिनं पाहिलं आणि विचारलं, जेवलीस का पोरी?

अगदी तेच शब्द, आणि तोच हेल. वरच्या म्हातारीनंतर त्या भाषेत कुणीतरी पहिल्यांदा तिच्याशी बोललं होतं.

आणि बाईनं काय करावं? सवयीची गुलाम बाई साहेबांकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

थोरले साहेब खदखदून हसले. "घ्या! माझ्याच घरी मलाच विचारतायत! सांगा त्यांना, पोटभर जेवलो. आता उठवायला माणूस लागेल."

धाकटेही हसले. बाईनं आजीकडं वळून सांगितलं, हो, मी पोटभर जेवले, आता उठवायला माणूस लागेल. आजी तिच्याकडं पाहत राहिली. मग तिनं खांदे उडवले आणि लेकाशी दुसरंच काही बोलायला लागली. आपण काय केलं हे बाईच्या ध्यानात आलं ते पायऱ्या उतरताना. परत वर जाऊन काय सांगणार? तो प्रश्न माझा होता म्हणून?

उठायच्या आधी घरच्या छायाचित्रकारानं आठवण म्हणून एक फोटो काढला होता. "बाई, वाका," असं साहेबांचा पीए म्हणाला, आणि बाई वाकली होती.

वर्ष पुरं व्हायच्या आधीच वस्ती पडली. घरं धोकादायक आहेत म्हणून पत्र्यावर सूचना लागल्या, मग यंत्रं आली. बहीण पाहायला गेली आणि रडतच बाईकडं आली. "आईची चूल दिसत होती गं बाहेरून, भिंतच नव्हती," ती म्हणाली. "कुणाच्या तोंडून निघालं असेल हे? जीभ कशी झडली नाही त्याची!"

बाईनं पाण्याचा पेला पुढं केला. "काहीतरी बोल की!" बहीण म्हणाली. "तुझंही घर होतं ते."

"हो," बाई म्हणाली. तेवढंच.

त्यानंतर बहिणीकडचं जाणं हळूहळू कमी झालं. भांडण म्हणावं असं काही झालंच नाही. पण बहीण वस्तीचा विषय काढायची, ही खुर्ची आणखी मागं ओढायची. घरी परतल्यावर खोलीत रेडिओ लागलेला असे, आणि निवेदक बोलत असताना बाईचे ओठ आपोआप हलत, कुणासाठी तरी भाषांतर करत.

थोरले साहेब वारले, धाकटे साहेब खुर्चीवर आले, आणि मग सरकार पडलं. नव्या सरकारनं चौकशी लावली. जहाजवाल्यांच्या देशातही खटला उभा राहिला, त्यात आजीचं नाव सगळ्यात वर. धाकट्या साहेबांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, या कुटुंबाशी आमचा कसलाही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो फोटो आला. थोरले साहेब, आजी, फळाची साल हातात धरलेले धाकटे, आणि पहिल्या दोघांच्या मध्ये खालून वर आलेला एक खांदा आणि एक कान.

बहिणीचा फोन आला. "ताई, हा कान तुझा आहे."

"कशावरून?"

"आईची कुडी आहे त्यात. अर्धी जोडी माझ्याकडं असायला हवी होती, म्हणून बरोबर लक्षात आहे माझ्या." ती हसली, मग थांबली. "काय बोलत होते गं ते?"

"ते सांगता येत नाही."

"मलासुद्धा?"

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला.

चौकशीचं बोलावणं आलं त्याच्या मागोमाग पीए आला. आता म्हातारा झाला होता, जिना चढून धापा टाकत होता. बसायच्या आधी त्यानं खुर्ची रुमालानं पुसली.

"फोटोतला कान तुमचाच हे आम्हीही नाकारत नाही," तो म्हणाला. "खोटं बोला असं म्हणतच नाही मी. घरगुती जेवण होतं म्हणायचं. नातवंडं, हवापाणी. झालंच होतं की ते बोलणं."

"झालं होतं."

"बस्स, तेवढंच सांगायचं. धाकटे साहेब म्हणतात, बाई आपल्या घरच्या आहेत. आता ही खोली बघा. इमारत साहेबांची. कधी कुणी उठा म्हणालं का तुम्हाला?" त्यानं आवाज खाली आणला. "आणि त्या म्हातारीचाही विचार करा. पिकलं पान. तुमच्या एका शब्दानं ती तुरुंगात मरेल. काय वाकडं केलं होतं तिनं तुमचं?"

बाईनं खिडकीबाहेर पाहिलं. वस्ती मागितली होती ती तिनंच. आणि हत्यारं विकणाऱ्या त्या बाईनंच तर तिला जेवलीस का म्हणून विचारलं होतं.

"त्या घरचं मीठ खाल्लंय, बाई," पीए उठताना म्हणाला. "मिठाला जागा."

"त्या घरात मी कधी जेवले नाही."

पीए हसला. "अहो, बोलायची एक पद्धत असते."

"पद्धती मला माहीत आहेत," बाई म्हणाली. "आयुष्यभर त्याच बोलले."

तो गेला आणि त्यानं पुसलेली खुर्ची बराच वेळ मध्येच राहिली. गप्प राहिलं तर आजी वाचणार होती, खोली वाचणार होती, आणि धंद्याची रीतही राहणार होती. बोललं तर उद्या छापून येईल की ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालं होतं, आणि बहीण ते वाचेल. वाचायला हवं असं एकच माणूस होतं, आणि वाचू नये असंही तेच.

चौकशीची खोली एखाद्या शाळेच्या वर्गासारखी होती. वर निवृत्त न्यायमूर्ती, बाजूला टाइप करणारी मुलगी, समोर साहेबांचे वकील. साक्षीदाराची खुर्ची टेबलाला लावलेली होती. बाई बसली आणि सवयीनं खुर्ची मागं ओढली.

"पुढं या," न्यायमूर्ती म्हणाले. "आवाज येत नाही."

ती पुढं सरकली. टेबलाची कड पोटाला लागली.

वकील म्हणाले, "दुभाष्यानं गुपित फोडणं तुमच्या पेशात बसतं का, बाई?"

"नाही बसत," ती म्हणाली. "म्हणून यानंतर मी ते काम करणार नाही."

आणि तिनं सांगितलं. वस्ती, गोदी, चौथा हिस्सा, सुनेचं नाव. कोण आधी बोललं, कोण नंतर. आजीची वाक्यं आजीची म्हणून, साहेबांची साहेबांची म्हणून. 'वर्षाच्या आत रिकामी करून देतो' या वाक्यापाशी आल्यावर तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "हे साहेब म्हणाले," ती म्हणाली, "आणि पाहुण्यांना कळावं म्हणून त्या भाषेत मी म्हटलं. माझं घर त्या वस्तीत होतं."

टाइप करणाऱ्या मुलीनं वर पाहिलं.

"आणखी काही सांगायचंय?" न्यायमूर्तींनी विचारलं.

त्या परदेशी भाषेत बाईनं एक छोटंसं वाक्य उच्चारलं. हेल वरच्या म्हातारीचा होता.

मुलीची बोटं थांबली. "याचं काय लिहू?"

"काही नका लिहू," बाई म्हणाली. "एका बाईनं विचारलं होतं, तिला सांगायचं राहिलं होतं."

"पण अर्थ काय त्याचा?" वकील म्हणाले. "नोंदीत यायला हवं. भाषांतर करा."

"नाही," दुभाषीबाई म्हणाली. "याचं करत नाही."

दुसऱ्या दिवशी सगळं छापून आलं. संध्याकाळी फोन वाजला. पलीकडं कुणी बोलेना, फक्त श्वास येत होता. बाईनं ओळखला.

"ते वाक्य," शेवटी बहीण म्हणाली. "तुझ्या तोंडून."

"हो."

"आणि मी तुझ्यासमोर बसून त्याला शिव्या देत होते."

"हो."

मागं मेहुणा काहीतरी विचारत होता, बहिणीनं त्याला गप्प केलं. "मला इतक्यात नाही भेटता यायचं, ताई," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला.

बाईनं रेडिओ लावला नाही. खोली सोडायची सूचना दाराखालून आत आली होती, ती उचलून तिनं खिडकीत ठेवली. सकाळची भाकरी होती, सार होतं, ते गरम केलं. खुर्ची टेबलाला लावली, एक ताट मांडलं, आणि भाकरी तोडून सारात बुडवता बुडवता तिला जाणवलं की आपल्याला भूक लागली आहे.